डोंगरातली भूमिगत खाण: आडवं शिरणं खरंच सोपं आहे का?

धागाकर्ता, नाशिकरोड: परवा इगतपुरीच्या जुळ्या बोगद्यातून आलो. जवळपास 8 किलोमीटर सह्याद्री पोखरलाय. तरी डोंगराळ भागात भूमिगत खाण परवडत नाही असं लोक म्हणतात, ते मला पटत नाही. सपाटीवर खनिज खोल असेल तर उभा शाफ्ट, म्हणजे विहिरीसारखा खोल खड्डा, खणा, माल वर ओढा, पाणी उपसा. डोंगरात पायथ्याकडून आडवं शिरायचं आणि आत जाताना किंचित चढ द्यायचा. पाणी आपसूक बाहेर, भरलेल्या गाड्याही उताराने बाहेर.

घाटवाला: बोगद्याच्या कामावर सहा वर्षं काढली आहेत. पाणी बाहेर येतं, पण किती येईल ते आपल्या हातात नसतं. इगतपुरीला वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस. आपला काळा पाषाण थराथरांचा, दोन थरांमधली तांबडी माती लागली की छत सुटायला लागतं. आम्हाला सगळ्यात जास्त रडवलं ते बोगद्याच्या तोंडाने. तिथला खडक कुजलेला, वर उभा उतार. आणि निघालेला मक, म्हणजे खोदलेला दगड-मुरूम, टाकणार कुठे? उतारावर ढीग मारलात तर पहिल्या मोठ्या पावसात तो खालच्या भातखाचरांत. रस्त्याच्या बोगद्याची आखणी थोडी सरकवता येते. खनिज असेल तिथेच जावं लागतं.

सिन्नरकर: माणसं बाहेर कशी येणार, हे आधी सांगा. चिलीच्या डोंगरातल्या एल तेनिएन्ते खाणीत 1945 साली तोंडाशी आग लागली, धूर आत शिरला आणि 355 कामगार गेले. उत्तराखंडच्या सिल्क्यारा बोगद्यात 2023 मध्ये 41 जण 17 दिवस अडकले, कारण दुसरी वाटच नव्हती. आपल्या नियमांत भूमिगत खाणीला दोन वाटा लागतात. कड्यावर दुसरं तोंड म्हणजे तिथवर दुसरा रस्ता.

धागाकर्ता: दुसरं तोंड हवंच, त्यात तडजोड नको. पण ते वरच्या अंगाला काढलं तर उंचीच्या फरकाने हवाही खेळते. शाफ्टच्या खाणीला दुसरा शाफ्टच खणावा लागतो.

घाटवाला: ती हवा भरवशाची नाही. थंडीत आतली ऊबदार हवा वरच्या तोंडाने निघते, उन्हाळ्यात आतली गार हवा खालच्या तोंडाने, म्हणजे उलटी. मधल्या दिवसांत ठप्प. सुरुंगाचा धूर बाहेर काढायला तेवढा वेळ थांबता येत नाही. पंखे लागणारच, तेही दिशा बदलता येणारे.

धागाकर्ता: पंखे धरा हिशेबात. तरी उपसा वाचतोच.

घाटवाला: पायथ्याच्या वरचं खनिज आहे तोवर. त्याखाली उतरलात की तुम्हीही पंप लावणार.