डिमरस्टॅट घ्यायचा आहे: २ अँपिअर की ४? (जुने व्हॉल्व्ह रेडिओ)

खरखर_पुणे

मामांच्या माळ्यावरून व्हॉल्व्हचे (ट्रान्झिस्टरच्या आधीचे, काचेच्या नळ्यांचे) दोन रेडिओ उतरवलेत. एक मर्फी, दुसऱ्याची नावाची पट्टीच गेलीय. वीस-पंचवीस वर्षं तरी बंद असतील. सगळे म्हणतात थेट २३० ला लावू नकोस, डिमरस्टॅटवरून (नॉब फिरवून व्होल्टेज शून्यापासून कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) हळूहळू चढव. तपकीर गल्लीत चौकशी केली, २ अँपिअरचा आहे, ४ चा आहे. जुन्या बाजारात एक वापरलेला १० चाही दिसला, उचलताना कंबर आठवली. कोणता घेऊ? आणि डिमरस्टॅट मध्ये असला की शॉक बसत नाही ना? हे घरातून रोज विचारलं जातं आणि मी "नाही बसत" म्हणून ठोकून देतो.

निवृत्त_लॅबवाला

बसतो. घरी आजच खरं सांगून टाका.

नेहमीच्या ट्रान्सफॉर्मरला दोन वेगळी वाइंडिंग (तारेची गुंडाळी) असतात. डिमरस्टॅटला एकच, आणि तिच्यावरून कार्बनचा ब्रश फिरतो. भिंतीतली वायर आणि तुमचा रेडिओ यांच्यात तांब्याची सलग वाट आहे. व्होल्टेज कमी होतं, मेन्सशी (घरात येणाऱ्या विजेशी) असलेलं नातं तुटत नाही.

आमच्या डिप्लोमाच्या लॅबमधली गोष्ट. एका पोराने नॉब शून्यावर आणला, मीटरवर शून्य पाहिलं आणि वायर सोडवायला हात घातला. मी ओरडलो, "आधी टेस्टर लाव!" लावला, तर आउटपुटच्या दोन्ही टर्मिनलवर टेस्टर पेटला. भिंतीतल्या सॉकेटला फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले होते. डिमरस्टॅटचं एक टर्मिनल इनपुटकडून आउटपुटकडे सरळ जातं. तिथे न्यूट्रलऐवजी फेज आला की नॉब शून्यावर असताना दोन्ही वायरी अर्थिंगच्या (जमिनीच्या) हिशेबाने २३० वर असतात. त्या दोघींमधला व्होल्टेजचा फरक मात्र शून्य, म्हणून मीटर शून्य दाखवतो. मीटर खोटं बोलत नव्हता, आम्ही प्रश्न चुकीचा विचारला होता.

तेव्हा आधी सॉकेट तपासा, एक्स्टेंशन बोर्डसुद्धा. आणि डिमरस्टॅटच्या बरोबरीने १:१ चा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन वेगळ्या वाइंडिंगचा, व्होल्टेज तेवढंच ठेवून मेन्सशी नातं तोडणारा) घ्या. रेडिओला १०० व्हीएचा पुरे होईल.

सोल्डरची_वाफ

काकांना +१. आता २ की ४.

रेडिओ ४०-६० वॉट खातो, म्हणजे २ वाला आरामात चालेल. पण पुढे सोल्डरिंग आयर्न, अँप्लिफायर वगैरे येणारच, म्हणून मी ४ घेईन. १० वाला सोडून द्या. टेबलावर जागा खातो आणि चालू करताना कधी कधी एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा घरातला स्विच) पाडतो. गोल कोअरचा सुरुवातीचा झटका मोठा असतो आणि नॉब शून्यावर ठेवला तरी तो चुकत नाही, कारण तो डिमरस्टॅटचा स्वतःचा असतो.

दुकानदार "एक किलोवॉटचा आहे" म्हणाला तर पूर्ण ऐका. ४ × २७० म्हणजे हजाराच्या वर, बरोबर. पण ५० व्होल्टवर तोच डिमरस्टॅट फक्त २०० वॉट देतो. ब्रशला अँपिअर कळतात, वॉट कळत नाहीत.

यातूनच फ्यूजचा मुद्दा येतो, आणि तो बरेच जण चुकवतात. फ्यूज इनपुटला असतो, ठीक. समजा नॉब २३ व्होल्टवर आहे आणि लोडने २० अँपिअर ओढले. इनपुटला फक्त २ च्या आसपास येतील, कारण व्होल्टेज दहापट आहे. इनपुटचा ४ चा फ्यूज शांत बसून राहतो आणि ब्रश लाल होतो. म्हणून आउटपुटला, ब्रशकडच्या वायरीत, वेगळा फ्यूज लावा. रेडिओसाठी ५०० मिलिअँपिअरचा पुरे.

खरखर_पुणे

फ्यूजचं डोक्यातच नव्हतं. आज दोन्ही रेडिओंची मागची पाठ उघडली. मर्फीत चांगला जाड ट्रान्सफॉर्मर आहे. बिननावाच्यात ट्रान्सफॉर्मरच दिसत नाही. व्हॉल्व्हवर यूसीएच ४२, यूएएफ ४२, यूवाय ४१ असं लिहिलंय. कोणी काढून विकला की काय?

निवृत्त_लॅबवाला

कोणी काढलेला नाही, तो मुळातच नसतो. 'यू'ने सुरू होणारे व्हॉल्व्ह म्हणजे एसी-डीसी सेट, फिलामेंट (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारा) सगळे एकापाठी एक जोडून सरळ मेन्सवर. चॅसिस (रेडिओचा आतला धातूचा सांगाडा) मेन्सच्या एका वायरीला जोडलेली असते. पिन उलटी लागली की चॅसिसवर फेज. मागचं पुठ्ठ्याचं झाकण आणि नॉबच्या खाचेतले स्क्रू मेणाने बुजवलेले असायचे, ते याचसाठी. हा सेट आयसोलेशनशिवाय उघडा चालू करायचा नाही म्हणजे नाही. ऑसिलोस्कोपची (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) ग्राउंड क्लिप तर लावूच नका, ती अर्थिंगला जोडलेली असते, ठिणगी बघायला मिळेल.

आणि आयसोलेशन आहे म्हणून दोन्ही हात आत घालायचे नाहीत. एका वायरीला हात लागला तर वाचाल, दोन्हींना लागला तर घरातला आरसीसीबीही (करंट अर्थिंगकडे गळला की पडणारा स्विच) पडणार नाही, कारण पलीकडे काय चाललंय ते त्याला दिसतच नाही. डावा हात खिशात. बंद केल्यावरही कंडेन्सर (वीज साठवणारा भाग) मोजूनच हात लावा.

मेणाचा_कंडेन्सर

थोडा वेगळा सूर लावतो. "हळूहळू चढवा म्हणजे कंडेन्सर जिवंत होतात" हे व्हॉल्व्ह रेक्टिफायरच्या (एसीचं डीसी व्हॉल्व्हने करणाऱ्या) सेटमध्ये अर्धवटच खरं आहे. १०० व्होल्टवर रेक्टिफायर व्हॉल्व्ह नीट तापतच नाही, मग एचटी (व्हॉल्व्हना लागणारं जास्त व्होल्टेजचं डीसी) कुठून येणार? तुम्ही तासभर नॉब धरून बसाल आणि कंडेन्सरला काहीच पोचलेलं नसेल. नंतर व्हॉल्व्ह तापला की एकदम दणका.

मी फिल्टर कंडेन्सर (रेक्टिफायरनंतरचं डीसी सपाट करणारे) सरळ नवे टाकतो. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला (सिग्नल आत घेणाऱ्या जाळीला) येणारा मेणकागदाचा कपलिंग कंडेन्सरही. तो गळत असला की आउटपुट व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही जातात. डिमरस्टॅटचा उपयोग त्यानंतर, अँमीटर बघत बघत. जोडीला सिरीजमध्ये ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब ठेवा, एलईडी नाही. बल्ब भगभगीत पेटला तर आत शॉर्ट आहे. खरं सांगायचं तर एकच घ्यायचं असतं तर मी स्वस्तात होणारा तो बल्बचा सिरीज बोर्ड आधी केला असता.

पंपवाला_बारामती

मध्येच विचारतो. याच्यावर अर्धा एचपीचा पंप हळू चालवता येईल का?

सोल्डरची_वाफ

नाही. इंडक्शन मोटर आहे ती, व्होल्टेज कमी केलं की करंट जास्त ओढून तापेल. मिक्सर, हँड ड्रिल अशा ब्रशच्या मोटरला चालतं. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जरही यावर हळूहळू चढवत बसू नका, व्होल्टेज उतरलं की ते करंट वाढवतात.

खरखर_पुणे

अपडेट. जुन्या बाजारातून वापरलेला ४ चा मिळाला. काकांनी सांगितल्यासारखं आधी टेस्टर लावला, माझ्या टेबलामागचं सॉकेट उलटं निघालं! वायरमनला बोलावून दुरुस्त केलं. डिमरस्टॅटचं झाकण काढलं तर साधारण ११० च्या आकड्यापाशी ट्रॅकवर काळा डाग, नॉब तिथून जाताना बारीक चरचर येते. तांब्याचा रंग बाकी सगळीकडे छान आहे. ब्रश अर्धा झिजलाय. वापरू की परत करू?

निवृत्त_लॅबवाला

प्लग काढा. डाग नखाने चाचपा. वायर सपाट लागत असेल तर नुसती काजळी आहे, स्वच्छ कापडाने पुसा, फार तर अगदी बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने. एमरी पेपर नको, त्याची भुकटी वीजवाहक असू शकते आणि दोन वेढ्यांच्या मध्ये जाऊन बसते. खड्डा लागत असेल किंवा तिथे वेढे एकमेकांना चिकटले असतील तर परत करा, तो पुढे तापणारच.

ब्रश मात्र बदलाच. पेन्सिलीतलं शिसं किंवा मोटरचा कुठलाही कार्बन घासून बसवू नका. ब्रश एका वेळी शेजारच्या दोन वेढ्यांना टेकतो, त्यांच्यातला करंट ब्रशच्या रोधानेच आवरलेला असतो. कार्बन चुकला की तेच दोन वेढे जळतात. जुना ब्रश होल्डरसकट खिशात टाकून दुकानात न्या.

खरखर_पुणे

सपाट लागतंय. शनिवारी ब्रश घेऊन जातो.