मदत हवी आहे: पिपच्या फॉर्ममध्ये 'आज बरं, उद्या वाईट' असा आजार कसा लिहायचा?

प्रश्न

नमस्कार मंडळी. बहीण इंग्लंडमध्ये असते, वय ४४, आयएलआर (कायम राहण्याची परवानगी) मिळालेला आहे. तिला ऱ्ह्युमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात आहे. पिपचा (आजारपण किंवा अपंगत्वामुळे रोजची कामं अवघड झालेल्यांना ब्रिटिश सरकार देतं त्या भत्त्याचा) फॉर्म घरी आलाय. आठवड्यातले दोन-तीन दिवस ती बहुतेक सगळं करते, एरवी शर्टाचं बटणही लागत नाही. फक्त वाईट दिवसांचं लिहिलं तर खोटं ठरेल आणि चांगल्या दिवसांचं लिहिलं तर अर्ज नाकारतील. मग नेमकं काय लिहायचं?

प्रतिसाद १

दोन्ही लिहायचं, पण दिवस मोजून. "कधी कधी", "बरेचदा" हे शब्द फॉर्ममध्ये नकोतच, कारण निर्णय दिवसांच्या हिशोबावर होतो. अर्जाआधीचे ३ महिने आणि पुढचे ९ महिने धरतात, आणि प्रत्येक कामात त्यातल्या निम्म्याहून जास्त दिवस जी अडचण लागू पडते तिचे पॉइंट देतात, आणि पॉइंटांवर भत्ता ठरतो. एखादी अडचण दिवसात थोडाच वेळ असली, पण नगण्य नसली, तरी तो दिवस धरला जातो. सकाळी दोन तास बोटं आखडलेली असतील तर दुपारी ती मोकळी झाल्याने सकाळचे कपडे घालण्याची अडचण पुसली जात नाही.

बेरजेचा नियम पुष्कळांना ठाऊक नसतो. चालण्याचं उदाहरण घ्या. ३० पैकी ११ दिवस २० मीटरच्या पुढे जाता येत नाही (१२ पॉइंट), ७ दिवस २० ते ५० मीटर जमतं (८ पॉइंट), १२ दिवस २०० मीटरहून जास्त जमतं (० पॉइंट). एकटं कुठलंच निम्म्याच्या वर नाही. पण पॉइंट असलेल्या दोन्हींची बेरीज १८, म्हणजे निम्म्याच्या वर. त्या दोघांत जे जास्त दिवस लागू तेच धरतात, म्हणजे इथे १२ पॉइंट. ८ पॉइंटांना भत्त्याचा साधा दर, १२ ला वरचा. म्हणून ३० दिवसांची वही आजच सुरू करा. रोज चार ओळी पुरेत: किती चालली, कपडे-आंघोळीला कोणी हात दिला, स्वयंपाकात काय जमलं नाही, नंतर किती वेळ पडून राहावं लागलं. महिना नेहमीसारखा नसेल, औषध बदललं असेल किंवा थंडीत दुखणं वाढत असेल, तर तसं वेगळं लिहा.

प्रतिसाद २

यात एक भर. 'चांगला दिवस' नीट तपासा. काम सुरक्षितपणे, बऱ्यापैकी नीट, लागेल तितक्या वेळा आणि वाजवी वेळात जमलं तरच ते 'जमतं'. निरोगी माणसाला जास्तीत जास्त जितका वेळ लागेल त्याच्या दुपटीहून अधिक लागला, तर ते वाजवी नाही. एकदा ६० मीटर चालून पुढचा तासभर उठता येत नसेल, तर "६० मीटर चालते" हे अर्धंच उत्तर झालं.

स्वयंपाकाच्या प्रश्नात आपली माणसं हमखास चुकतात. "पोळ्या लाटता येत नाहीत, कुकर उचलत नाही" असं लिहितात. पण प्रश्न आहे ताजे जिन्नस वापरून एका माणसापुरता एकच साधा पदार्थ शिजवण्याचा, तोही कमरेच्या किंवा त्याहून वरच्या उंचीवर, म्हणजे ओव्हनसाठी वाकणं त्यात येत नाही. तेव्हा असं लिहा: "आठवड्यातले ४ दिवस सुरी धरता येत नाही, बटाटा सोलताना हातातून निसटते. गरम पाण्याचं भांडं दोन्ही हातांनीही ओतता येत नाही, त्या दिवशी नवरा चिरून आणि ओतून देतो." मदतीला कोणी नसेल तर "गरज आहे, पण मिळत नाही" असं लिहा, गरजही मोजतात.

प्रश्नकर्ता

फारच उपयोगी. डॉक्टरांच्या पत्रात "प्रकृती स्थिर" असं लिहिलंय. ते जोडू का?

प्रतिसाद १

जोडा, पण त्याखाली खुलासा करा. क्लिनिकच्या भाषेत 'स्थिर' म्हणजे सूज किंवा रक्ताचे आकडे वाढलेले नाहीत. अंघोळ स्वतः करता येते असा त्याचा अर्थ नव्हे. त्या तारखेला वहीत काय नोंद आहे ते सांगा. आजाराची माहितीपत्रकं पाठवू नका, त्यात ताईंबद्दल काही नसतं. सोबत राहणाऱ्याचं सही-तारखेचं पत्र मात्र जोडा.

फॉर्म पत्रावरच्या तारखेपासून महिन्याभरात परत जायला हवा. वहीसाठी वेळ कमी पडत असेल तर मुदत संपायच्या आत फोन करून वाढवून मागा. प्रत्येक पानाची झेरॉक्स ठेवा. फॉर्मनंतरच्या तपासणीच्या मुलाखतीला मराठी दुभाषी आधी सांगून मिळतो. आणि "कशा आहात?" या पहिल्याच प्रश्नाला सवयीने "ठीक आहे" म्हणू नका, ते अहवालात उतरतं. आजचा दिवस कसा आहे आणि असे दिवस महिन्यात किती येतात, ते सांगा.

प्रतिसाद ३

इतर वाचकांसाठी: व्हिसावर पब्लिक फंड्स (सरकारी भत्ते) न घेण्याची अट असेल तर पिपचा अर्ज करू नका, पिप त्यातच मोडतं. आयएलआर असला तरी सहसा गेल्या १५६ आठवड्यांपैकी १०४ आठवडे ब्रिटनमध्ये राहिलेलं असावं लागतं, तेव्हा भारतात लांबलेल्या मुक्कामाच्या तारखा आधी काढून ठेवा. नकार आला तर महिन्याभरात फेरविचार मागायचा, तोही नाकारला तर ट्रायब्यूनलकडे (अपील ऐकणाऱ्या स्वतंत्र न्यायमंडळाकडे) जायचं. तिथेही हीच वही उपयोगी पडते.