बाजीरावांचं पोट फरशीला टेकायला लागलंय, काय करू?

टार्नीटकर | १२ सप्टेंबर

आमच्याकडे चार वर्षांचा सेंट्रल बिअर्डेड ड्रॅगन आहे, नाव बाजीराव. (राहतो मेलबर्नला, परवाना काढून पाळलाय, तेव्हा त्यावरून शाळा घेऊ नका.) लेकानं सातवीत असताना हट्ट करून आणवला. आता लेक अकरावीत आणि सरडा माझ्या गळ्यात.

काल पोळ्यांचा डबा वजनकाट्यावर ठेवून त्यात बसवला. ५८५ ग्रॅम भरला! मार्चमध्ये ४३० होता. लांबी शेपटीसकट ४६ सेंटिमीटर, ती तेवढीच. पुढच्या पायांच्या बगलेत पाणी भरल्यासारखे दोन मऊ गोळे आलेत. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, आमच्या सरड्याची आता सोफ्याच्या पायापर्यंतसुद्धा जात नाही.

कारण मला माहीत आहे. ते मे महिन्यात साताऱ्याहून आलंय आणि आत्ता समोर बसून शेंगा सोलतंय. पहिला आठवडा आई त्या खोलीत पाऊल टाकत नव्हती. मग एक दिवस म्हणाली, "अगं, एवढ्याशा पाल्यावर कुणाचं पोट भरतं का?" तेव्हापासून पन्नास सुपरवर्म अळ्यांची डबी चार दिवसांत संपते. वर द्राक्ष, केळ्याची चकती. डबीच्या झाकणावर तिनं नख वाजवलं की हा काचेला नाक लावून उभा. आई चिमट्यात अळी धरते, तो मान वाकडी करून आधी एका डोळ्यानं नीट बघतो, मग जीभ बाहेर येते, चप्प. पाला समोर ठेवला तर डोळे मिटून घेतो. अगदी ठरवून.

थोडे दिवस उपाशी ठेवू का? आणि आईला कसं सांगू?

खारीबिस्किट | १२ सप्टेंबर

दोन आठवडे काही देऊ नका. सरडाच तो, रानात कोण वाढतं त्याला?

एडिसनचा_बंड्या | १३ सप्टेंबर

खारीभाऊ, असं काही सांगू नका हो. लठ्ठ सरड्याला एकदम उपाशी ठेवलं की अंगातली चरबी भराभर सुटून यकृतात साठते, आणि यकृत आधीच तुपात असेल तर जीवावर बेतू शकतं. वजन उतरवायचं ते महिन्यांच्या हिशेबानं.

ताई, मी न्यू जर्सीत नऊ वर्षं दोन ड्रॅगन सांभाळतोय, पहिला मीच खाऊ घालून फुगवला होता. सुपरवर्म म्हणजे चकली समजा. त्यात चरबी साधारण १८ टक्के. मीलवर्ममध्ये १३, मेणअळीत तर २५. नाकतोड्यासारखे ते क्रिकेट मिळतात त्यांत सहा-सात, आणि रेशमाच्या अळीत जेमतेम एक-दीड टक्का. आम्ही इकडे डुबिया झुरळं देतो, पण तुमच्याकडे त्यांना बंदी आहे, तुम्हाला वुडीज नावाची झुरळं मिळतील. रेशमाची अळी मिळाली तर सोनं.

लहानपणी यांना किडेच जास्त लागतात, अंग वाढत असतं. वर्ष-दीड वर्षानंतर ताट उलटं करायचं: रोज पाला, किडे आठवड्यातून दोन-तीनदा, एका वेळी पाच-सहा. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. त्याला कॅल्शियमची पूड लावायची, कारण किड्यांत फॉस्फरस कितीतरी जास्त असतो आणि ती तूट हाडांतून वसूल होते.

पाल्यात बोकचॉय, एंडाइव्ह, रॉकेट, किसलेला लाल भोपळा. पालक नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं. लेट्यूस म्हणजे नुसतं पाणी. अ‍ॅव्होकाडो अजिबात नाही, ते विष. द्राक्ष महिन्यातून एखादं. पाला सकाळी ठेवा, दिवा लागल्यावर तासाभरानं, भूक कडकडीत असताना. किडे त्यानंतर. पहिले काही दिवस तो रुसेल. रुसू द्या. माझा पाच दिवस रुसला होता, सहाव्या दिवशी कोणी बघत नाही असं समजून भोपळा खाल्ला.

ब्रिस्बेनकर | १३ सप्टेंबर

वरचं सगळं बरोबर. पण एक आधी विचारतो, बाजीराव नर आहे हे कुणी ठरवलं?

हसू नका. मादी नर जवळ नसतानाही अंडी धरते. फलित नसतात, पण पोट तसंच फुगतं, आणि अंडी अडकली तर दुखणं गंभीर. दिवसभर कोपरा उकरत बसते का? शेपूट हलकेच वर करून मुळाशी मागून टॉर्च धरा. दोन बाजूंना दोन फुगवटे आणि मधे खाच असेल तर नर. मधोमध एकच असेल तर मादी.

दुसरं म्हणजे ऊन. शेकायच्या जागेचं तापमान बंदुकीसारख्या इन्फ्रारेड थर्मामीटरनं मोजा, ३८ ते ४२ अंश हवं, थंड कोपरा २५च्या आसपास. काचेला चिकटवलेल्या गोल तबकडीवर जाऊ नका, ती हवेचं सांगते. अंग तापलं नाही तर पचत नाही. यूव्हीबी दिव्याची नळी वर्षभरानं बदला. उजेड दिसतो म्हणून ती चालू आहे असं वाटतं, पण अतिनील किरण कधीच आटलेले असतात.

टार्नीटकर | १५ सप्टेंबर

एकच फुगवटा आहे. एकच!!

घरात शांतता पसरली. लेक म्हणाला, "मला वाटलंच होतं." खोटारडा. आईनं लगेच, "बाळंतीण आहे की काय, म्हणून मागत होती बिचारी," म्हणत अळ्यांची डबी हातात घेतली. मी काढून घेतली. उद्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेतेय.

नळी बघितली. दोन वर्षांची. शेकायचा दगड ३४ अंश. मान खाली.

टार्नीटकर | १७ सप्टेंबर

सोनोग्राफी झाली. अंडी नाहीत. पोटात दोन्ही बाजूंना चरबीच्या गाद्या आहेत, यकृतही थोडं मोठं. विष्ठेत जंत आहेत का तेही तपासलं, नाहीत. थोडक्यात, पोट ते साताऱ्याचंच. डॉक्टरांनी उपास करायला स्पष्ट नाही म्हटलं आणि बंड्यादादांनी लिहिलंय जवळजवळ तेच कागदावर लिहून दिलं. महिन्याला दहा-पंधरा ग्रॅम उतरलं तरी पुरे, त्याहून घाई नको म्हणाले.

आईला मी काही सांगितलं नाही. डॉक्टरांनाच सांगायला लावलं, लेकानं मराठीत भाषांतर केलं. "लिव्हर" हा शब्द ऐकून ती गप्प झाली, माझ्या वडिलांचंही तेच होतं.

एडिसनचा_बंड्या | १७ सप्टेंबर

अंडी नाहीत हे फार बरं झालं. पण दरवर्षी वसंतात लक्ष ठेवा. पुढे कधी उकरायला लागली तर ओलसर मातीचा खोल डबा ठेवा, जागा मिळाली नाही की त्या अंडी अडवून धरतात. आणि दर रविवारी त्याच डब्यात, सकाळी, खायच्या आधी वजन.

टार्नीटकर | ३० नोव्हेंबर

५४१.

नळी नवी, दगड ४० अंश. वुडीज मंगळवार-शुक्रवार पाच-पाच, कधी रेशमाच्या अळ्या मिळाल्या तर त्या. पाल्याचा संप सात दिवस चालला. आठव्या दिवशी आईनं खिडकीतल्या कुंडीतलं जास्वंदीचं फूल गणपतीला वाहायला तोडलं होतं, ते पाणी निथळायला ताटलीत ठेवलं. ताटली पिंजऱ्याबाहेर सोफ्याजवळ आणि सरडी फेरफटक्यावर. फूल देठासकट गेलं. देवाचं फूल सरड्यानं खाल्लं म्हणून ओरडा बसेल असं वाटलं, पण आई म्हणाली, "असू दे, गणपतीला उद्याचं." आता पाल्यावर रोज एक पाकळी चुरडून घालतो, तेवढ्या आमिषावर खालचा बोकचॉयही जातो. परसात डँडेलायन उगवतो, तोही चालतो, आम्ही तिथे काही फवारत नाही.

बगलेतले गोळे अजून आहेत, पण थोडे उतरलेत. सोफ्याचा पाया मागे टाकून ती परवा फ्रिजपर्यंत गेली.

आईचं विमान परवा आहे. वजनाची वही तिनंच ठेवली होती, शेवटच्या पानावर पुढच्या रविवारांच्या तारखा घालून ठेवल्यात, सहा महिन्यांच्या. नावाच्या जागी "बाजीबाई" लिहिलंय.