टर्बोऐवजी बाटल्यातली हवा : "दाबलेली हवा" हा शब्द पुरतो का?

ड्रॅग रेसिंगवर (सरळ रस्त्यावरची, काही सेकंदांत संपणारी गाड्यांची शर्यत) मराठीत एक लेख लिहायला घेतलाय आणि पहिल्याच पानावर अडकलोय. विषय असा की गाडीला टर्बो न लावता आधीच भरून ठेवलेल्या टाकीतली हवा शर्यतीच्या त्या आठ-दहा सेकंदांत इंजिनात सोडायची. मी सरळ "दाबलेली हवा" असं लिहिलं. पण वाचून दाखवलं तर समोरच्याने लगेच विचारलं, मग टर्बो वेगळं काय करतो, तोही हवा दाबतोच की. बरोबर आहे त्याचं. पाठ्यपुस्तकातला "संपीडित वायू" घेतला तर वाक्य परीक्षेतल्या उत्तरासारखं वाटतं, आणि अडचण तशीच राहते ती राहतेच. कोणाला चांगला शब्द सुचतोय का?

प्रतिसाद :

तुमच्या मित्राने नेमकं बोट ठेवलंय. दाबणं दोन्हीकडे आहे, फरक आहे तो कधी दाबली याचा. टर्बोत एक्झॉस्टच्या धुरावर चाक फिरतं, त्याच दांड्यावर दुसऱ्या बाजूला बसवलेलं चाक हवा दाबतं, म्हणजे काम तिथल्या तिथे, गाडी पळत असताना. बाटल्यातल्या हवेचं काम आदल्या दिवशीच कॉम्प्रेसरने करून ठेवलेलं असतं. म्हणून मी "साठवणीची हवा" म्हणेन. साठवणीचं पाणी, साठवणीचं धान्य म्हणतो तसं. यात "आधी करून ठेवलं, लागेल तेव्हा काढलं" हे आपोआप येतं, वेगळं सांगावं लागत नाही.

आणि या सगळ्या प्रकाराला, म्हणजे इंजिन स्वतः ओढेल त्यापेक्षा जास्त हवा आत घालण्याला, आपल्याकडे फार नेमकं क्रियापद आहे : ठासणे. ठासणीची बंदूक आठवा, दारू वरून घालून गजाने ठासायची. इंजिनातही तेच, जागा तेवढीच आणि माल जास्त. "टर्बोने ठासलेली हवा", "साठवणीतून ठासलेली हवा", दोन्ही वाक्यं चालतात आणि फरकही कळतो. टर्बोचं मूळ नाव टर्बोसुपरचार्जर होतं, नंतर बोलण्यात नुसतं टर्बो उरलं. त्यातलं चार्ज म्हणजे भरणच, विजेचा भार नाही. मी एका लेखात "अतिभारक" वाचलंय, ते वाचून माणूस वजनाचा विचार करेल.

टर्बो शब्द मात्र बदलू नका. लॅटिनमध्ये टर्बो म्हणजे भोवरा किंवा वावटळ, त्यावरून फ्रेंच इंजिनिअर क्लोद ब्युर्दँ यांनी 1822 मध्ये टर्बाइन हा शब्द घडवला, आणि एक्झॉस्टवर चालणाऱ्या टर्बोचं पेटंट स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 मध्ये घेतलं. शब्दातच फिरणं आहे, आणि सगळ्यांच्या तोंडात बसलाय.

मूळ प्रश्नकर्ता :

ठासणे एकदम पटलं, धन्यवाद. आता पुढची अडचण बघा. माझं एक वाक्य असं आहे : "सिलिंडरमधली हवा रेग्युलेटरमधून सिलिंडरमध्ये जाते." पहिला सिलिंडर हवेचा, दुसरा इंजिनचा! मला कळतंय पण वाचणारा गोंधळणारच. नळकांडं लिहून बघितलं, तर दोन्हीकडे नळकांडं झालं. आणि टर्बो लॅगला, म्हणजे पाय दाबल्यावर टर्बोचा जोर यायला जो वेळ लागतो त्याला, काय म्हणू? "विलंब" लिहिलं तर गाडी फलाटावर उशिरा आल्यासारखं वाटतं. शिवाय मी सुरुवातीलाच "फुकटची ताकद" असा शब्द वापरलाय, तो ठेवू का?

प्रतिसाद :

हवेच्या सिलिंडरला "बाटला" म्हणा. गॅसचा बाटला आपण म्हणतोच, इंजिनात नायट्रस ऑक्साइड वायू सोडणारे नायट्रसवालेही बॉटलच म्हणतात. सिलिंडर हा शब्द फक्त इंजिनला राहू द्या. "बाटल्यातली हवा रेग्युलेटरमधून सिलिंडरमध्ये." झालं.

पण बाटल्याचं माप सांगताना जपा, इथे नुसत्या शब्दाने मोठी चूक होते. 11 लिटरचा बाटला म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं आत 11 लिटर हवा. ती 200 बारला (1 बार म्हणजे साधारण वातावरणाइतका दाब) भरलेली असते, म्हणजे मोकळी सोडली तर साधारण 2200 लिटर होते. म्हणून "मोकळ्या हवेचे लिटर" असं स्पष्ट लिहा. आता ढोबळ हिशेब करून बघा. 2 लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन (दर दोन फेऱ्यांत एकदाच हवा ओढणारं) 6000 आरपीएमला मिनिटाला 6000 लिटर ओढतं, म्हणजे सेकंदाला 100. त्याला 1 बार बूस्ट, म्हणजे दुप्पट दाब, द्यायचा तर सेकंदाला 200 लिटर मोकळी हवा लागते. म्हणजे एक बाटला फार तर 11 सेकंद, आणि बाटल्यातला दाब बूस्टच्या जवळ आला की शेवटची थोडी हवा कामाला येत नाही ते वेगळंच. पाव मैल, म्हणजे 402 मीटरची शर्यत या वेळात बसते, म्हणून ही कल्पना ड्रॅगमध्येच शोभते, लांबच्या शर्यतीत नाही. बूस्ट लिहितानाही सांगा की हा वातावरणाच्या वरचा दाब आहे, 1 बार बूस्ट म्हणजे एकूण 2 बार. हे सुटलं की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

लॅगला "दम खाणे" कसं वाटतं? टर्बो आधी दम खातो मग जोर लावतो. बाटल्यात दम खाणं नाही, झडप उघडली की हवा हजर. यावरून आठवलं, व्होल्व्होने 2016 च्या सुमारास डिझेल गाड्यांत साठवणीच्या हवेची छोटी टाकी दिली होती, पण ती हवा टर्बोचं चाक फिरवायला सोडायची. म्हणजे दम खाण्याचा वेळ तोडायला, टर्बोच्या जागी नाही. लेखात हे दोन वेगळे ठेवा, "टर्बोऐवजी" आणि "टर्बोला हातभार".

"फुकटची" मात्र काढाच, मनापासून सांगतो. 2 बारपर्यंत दाबायच्या ऐवजी तीच हवा 200 बारपर्यंत दाबायला, तापमान न वाढता होतंय असं धरलं तरी साडेसात पट काम लागतं. ते काम कोणीतरी केलेलं असतं, फक्त शर्यतीत मोजलं जात नाही. त्याला "आगाऊ" म्हणा, आगाऊ भरलेल्या भाड्यासारखं. इंजिनला त्या दहा सेकंदांत काही द्यावं लागत नाही हे खरं, आणि तेच या शब्दात येतं.

अजून एक प्रतिसाद :

साठवणीची हवा छानच. मी "कोंडलेली हवा" सुचवणार होतो, जोर दिसतो त्यात, पण मग बंद खोलीतली कोंदट हवा डोळ्यापुढे येते आणि इथे तर उलट आहे, ही हवा गार असते. 27 अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली तर आदर्श हिशेबानेही ती 90 अंशांच्या वर जाते, टर्बोत त्याहून जास्तच, म्हणून ती गार करायला इंटरकूलर लागतो. बाटल्यातली हवा भरून निवलेली असते आणि सोडताना बाटला आणखी गार पडत जातो, हात लावला तर कळतं, हवेत ओल राहिली असेल तर रेग्युलेटरच्या तोंडाशी पांढरं दव गोठतं आणि झडप अडकायची भीती असते. गार हवा दाट असते, इथे "जड" किंवा "घट्ट" न लिहिता "दाट"च लिहा, तेवढ्याच जागेत जास्त प्राणवायू हा अर्थ त्यातच येतो.

आणि कृपया नायट्रसला हवा म्हणू नका. हवा म्हणजे आपण श्वासात घेतो ते मिश्रण, वजनाने साधारण 23 टक्के प्राणवायू. नायट्रस ऑक्साइड हा एकच वायू, त्यात वजनाने 36 टक्के, आणि बाटल्यात तो द्रवरूपात असतो, म्हणून तेवढ्याच बाटल्यात खूप जास्त मावतो. दोन्हीला "गॅस मारला" म्हणतात लोक, पण लेखात हवा आणि वायू वेगळे राहू देत.

मूळ प्रश्नकर्ता :

सगळं घेतलं. पहिला परिच्छेद आता असा झालाय : "टर्बो धावता धावता हवा ठासतो, पण आधी थोडा दम खातो. साठवणीची हवा आगाऊ दाबून बाटल्यात भरलेली असते, झडप उघडली की रेग्युलेटरमधून गार आणि दाट होऊन सिलिंडरमध्ये शिरते, आणि बाटला रिकामा झाला की एकतर्फी झडप उघडून इंजिन पुन्हा बाहेरची हवा ओढायला लागतं." "एकतर्फी झडप" मी स्वतःच घातलंय, चालेल ना?

प्रतिसाद :

चालेल, झडप तर बोलण्यातलाच शब्द आहे. फक्त "रेग्युलेटरमधून गार आणि दाट होऊन" याने गारवा रेग्युलेटरमुळेच येतो असं वाटतं, तो मुख्यतः बाटला रिकामा होताना येतो. "गार, दाट हवा रेग्युलेटरमधून सिलिंडरमध्ये शिरते" असं करा.