पाटा वाढवला म्हणून वजन वाढवू नका
पिकअपच्या मागच्या स्प्रिंगमध्ये एक जादा पाटा (पोलादी पट्टी) टाकला की छतावरचा तंबू, फ्रिज, पाणी सगळं बिनधास्त लादता येतं, असं काही जण म्हणतात. नाही हो! पाट्याने गाडी मागून खाली बसायची थांबते, इतकंच. ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक तेच राहतात. 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो. ते हौद्याच्या (मागच्या सामानाच्या जागेच्या) मागच्या टोकाला ठेवलं तर गाडीचं तोंड उचललं जातं, स्टीअरिंग हलकं लागतं, हेडलाइट झाडांवर जातात. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या जांभ्याच्या वाटेवर तर प्रत्येक दणक्याचा ताण केबिनच्या मागे चासीवर (गाडीच्या सांगाड्यावर) येतो, आणि तडा जातो तो तिथेच. चोर्ला घाट उतरताना ब्रेक तापतात ते वेगळंच. पाण्याचे कॅन केबिनला चिकटून, खाली ठेवा. निघण्याआधी भरलेली गाडी माणसांसकट वजनकाट्यावर घाला आणि आरसीवरच्या (नोंदणी प्रमाणपत्रावरच्या) एकूण वजनाशी आकडा ताडून बघा.