मदत हवी आहे: पिसारोच्या चित्राची मालकी-साखळी, १९४३ ते १९५१ मध्ये अडकलेय

नमस्कार मंडळी,

कलाइतिहासाच्या कोर्ससाठी एका चित्राचा मालकीचा आणि प्रदर्शनांचा इतिहास लिहून द्यायचा आहे. मी घेतलंय फ्रेंच चित्रकार कामीय पिसारोचं 'र्‍यू सँ-ओनोरे, दुपार, पाऊस' (पॅरिसमधला रस्ता). १८९७ सालचं तैलचित्र, ८१ बाय ६५ सें.मी., सध्या माद्रिदच्या तिसेन-बोर्नेमिसा संग्रहालयात. या चित्रावरून आधीच्या मालकीण लिली कासीरर यांचे वारस आणि हे संग्रहालय यांच्यात अमेरिकेत २००५ पासून खटला चालू आहे, त्यामुळे मालकीची बरीच माहिती निकालपत्रांतच सापडते.

आतापर्यंत जुळलेलं असं: पिसारोने पॅरिसच्या हॉटेल द्यु लूव्रच्या खिडकीतून खालचे रस्ते रंगवले, त्या मालिकेतलं हे चित्र. ते पिसारोचे पॅरिसमधले चित्रविक्रेते (डीलर) द्युराँ-रुएल यांच्याकडे होतं. १९०० मध्ये ते बर्लिनच्या जूलियस कासीरर यांनी घेतलं, घराण्यातून १९२६ मध्ये लिली कासीरर यांच्याकडे आलं. दिवाणखान्यात टांगलेल्या या चित्राचा जुना फोटोही आहे. लिलीबाई ज्यू, १९३९ मध्ये देश सोडायची परवानगी हवी म्हणून त्यांना ते शायडविमर नावाच्या नाझी डीलरला ९०० मार्कांना द्यावं लागलं, आणि ते पैसे गेले गोठवलेल्या खात्यात! म्हणजे हातात काहीच नाही. शायडविमरने अदलाबदलीत ते झुल्त्सबाखर या दुसऱ्या ज्यू संग्राहकाला दिलं, त्यांच्याकडून गेस्टापोने (नाझी गुप्त पोलिसांनी) जप्त केलं. १९४३ मध्ये बर्लिनला लांगे या लिलावगृहाच्या लिलावात ९५,००० मार्कांना विकलं गेलं. विकणारा अज्ञात, घेणारा अज्ञात.

आणि मग एकदम १९५१. बेव्हर्ली हिल्सच्या फ्रँक पर्ल्स गॅलरीमार्फत जर्मनीतून कॅलिफोर्नियात, १४,८५० डॉलर. १९५२ मध्ये सेंट लुईसच्या एका संग्राहकाकडे. १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टीफन हान गॅलरीतून बॅरन तिसेन यांनी २,७५,००० डॉलरला घेतलं, १९९३ मध्ये त्यांचा संग्रह स्पेनने विकत घेतला. (मधल्या काळात, १९५८ मध्ये, जर्मन सरकारने लिलीबाईंना १,२०,००० मार्क भरपाई दिली. चित्र हरवलं असंच सगळे धरून चालले होते, आणि ते सेंट लुईसला होतं!)

आता अडचणी. एक, १९४३ ते १९५१ ची फट भरायची कशी? 'जर्मनीतील खाजगी संग्रह' असं लिहून पुढे गेलं तर चालेल का? दोन, १८९८ च्या जूनमध्ये द्युराँ-रुएलने या मालिकेतली चित्रं मांडली होती, पण शीर्षकं एकमेकांशी इतकी मिळतीजुळती की नेमकं हेच कुठलं ते कळत नाही. शेजारच्या चौकाचं पावसातलंच चित्र मिनियापोलिसच्या संग्रहालयात आहे, त्याच चौकाचं आणखी एक लॉस एंजेलिसला आहे. तीन, चित्राच्या पाठीवर बर्लिनच्या कासीरर गॅलरीच्या लेबलाचा फाटका तुकडा आहे. तेवढ्यावरून 'बर्लिन, कासीरर गॅलरी' अशी नोंद प्रदर्शनांच्या यादीत टाकू का?

प्रतिसाद १

ताई, फट भरू नका, दाखवा. मालकीच्या नोंदीत बऱ्याच संग्रहालयांची पद्धत अशी: दोन मालकांमध्ये व्यवहार थेट झाला असेल तर अर्धविराम, थेट झाला नाही किंवा माहीत नसेल तर पूर्णविराम. तुमच्या साखळीत लांगेंच्या लिलावानंतर पूर्णविराम यायला हवा. 'जर्मनीतील खाजगी संग्रह' हे पुराव्याशिवाय लिहिलं की पुढचा माणूस ते खरं धरून उतरवतो.

लेबलाबद्दल: पाठीवरचं लेबल म्हणजे प्रदर्शन नव्हे. गॅलऱ्या विक्रीला आलेल्या चित्रांवरही लेबलं लावायच्या, वाहतूकदार आणि फ्रेमवालेही लावायचे. लेबलाने चित्राचा बर्लिनच्या त्या गॅलरीशी संबंध आला एवढं कळतं. त्याची जागा नोंदीखालच्या टिपेत. बाकी तिसेन यांच्या खरेदीच्या वेळी हाच तुकडा बघून कुणी शंका घ्यायला हवी होती की नाही, यावर कोर्टात बराच खल झाला आहे, ते नक्की वाचा.

शीर्षकांवर विसंबूच नका, ती डीलरगणिक बदलतात. मापं, सही आणि सालाची जागा, आणि १९३९ मध्ये निघालेल्या पिसारोच्या समग्र सूचीतला क्रमांक, या तिन्हींवर पडताळा. लिलावासाठी हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाने जुने जर्मन लिलाव-कॅटलॉग मोफत ऑनलाइन ठेवलेत, तिथे लांगे शोधा. लॉस एंजेलिसच्या गेटी संस्थेची कलाकृतींच्या मालकी-नोंदींची सूचीही चाळा.

धागाकर्ती

धन्यवाद दादा! अर्धविरामाचं कुणी शिकवलंच नव्हतं. मग १९३९ चं काय? शायडविमरला थेट गेलं, म्हणून अर्धविराम, पण ती काय विक्री होती?

प्रतिसाद १

अर्धविरामच, पण पुढे 'सक्तीची विक्री' असं स्पष्ट लिहा, आणि ९०० मार्क गोठवलेल्या खात्यात गेले हेही.

प्रतिसाद २

मालकी-साखळीची शेवटची ओळ लिहिताना जपून. २०२४ च्या जानेवारीत अपील कोर्टाचा निकाल संग्रहालयाच्या बाजूने लागला होता, पण त्यानंतर कॅलिफोर्नियाने लुटलेल्या कलाकृतींसाठी नवा कायदा केला आणि मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून प्रकरण परत खाली पाठवलं. जुने लेख वाचून 'खटला संपला' असं लिहून मोकळे होऊ नका. सध्याची जागा लिहा, आणि मालकी वादग्रस्त असल्याची नोंद तारखेसकट द्या.