लक्ष टिकवणे: मस्तिष्कस्तंभाचा वाटा

मस्तिष्कस्तंभ, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा खालचा भाग, केवळ श्वास आणि हृदयाचे ठोके सांभाळतो, लक्ष टिकवणे मात्र कपाळामागच्या मेंदूचे काम आहे, हे विधान अर्धेच बरोबर वाटते. कशाकडे लक्ष द्यायचे हे पुढचा मेंदू ठरवतो, पण त्यासाठी लागणारी जाग खालून येते. मोरुझी आणि मॅगून या शास्त्रज्ञांनी 1949 मध्ये मांजरांच्या मस्तिष्कस्तंभातील चेतापेशींच्या जाळीदार रचनेला विजेने चेतवले, तेव्हा मेंदूच्या संथ लहरी जागेपणीच्या जलद लहरींत बदलल्या. त्याच भागात वरच्या बाजूला लोकस सेरुलियस हा पेशींचा एवढासा निळसर पुंजका आहे; तो जवळजवळ साऱ्या मेंदूला नॉरॲड्रेनलिन हे जाग वाढवणारे रसायन पुरवतो. त्याची पार्श्वभूमीची क्रिया फार मंदावली की डुलकी येते, फार वाढली की मन सैरभैर होते आणि मधल्या पातळीवर काम नीट होते.

या विधानात न आलेली गोष्ट रात्रपाळीची आहे. नागपूरजवळच्या एका वीज केंद्राच्या नियंत्रण कक्षात मी काही वर्षे काढली. गजर वाजला की झोप कुठल्या कुठे पळत असे. खरा त्रास व्हायचा तो पहाटे तीनला, सगळे काटे जागच्या जागी असताना. एकदा तेलाच्या दाबाची नोंद मी सलग दोन तास तीच लिहीत गेलो आणि काटा खाली सरकलेला सहकाऱ्याने दाखवला. डोळे उघडेच होते, त्यामुळे याला निव्वळ निष्काळजीपणा म्हणणे मला आजही पटत नाही.